रंगूवहिनीचं राहिलेलं जलदान

आगरदांडा
रविवार, २१ जुलै २०२४, आषाढ पौर्णिमा

प्रज्ञा,

जय भीम.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. उलव्याचा पत्ता तुझ्या आईच्या मैत्रिणीकडून, रखमाकडून घेतला. देताना तिनं विचारलं, "भांडायला लिवतेस का?" मी नाही म्हटलं. तिचा विश्वास बसला नाही. तुझाही बसणार नाही.

मुद्द्यावर येते. तुझ्या आईचं जलदान राहिलं आहे. वहिनी गेली त्याला या ऑगस्टात अकरा वर्षं होतील. तिच्या नावानं कुणी पाणी सोडलं नाही, कुणी उभं राहून तिच्याबद्दल दोन शब्द बोललं नाही. मला ते करायचं आहे. रीतसर, बौद्धाचार्य बोलावून, माणसं जमवून. पण मुलगी तू आहेस. तुझ्या होकाराशिवाय मी काही करणार नाही. तू हो म्हण, तारीख कळव, बाकी सगळं माझ्याकडे लागलं.

पत्र इथं संपायला हवं. पण तुझ्या आत्याला तू ओळखतेस. माईक हातात आला की सोडवत नाही.

यंदाच्या वर्षावासातही मंडळानं मला एक रविवार दिला आहे. गुडघे गेले, आवाज शाबूत आहे. सेक्रेटरी आता स्वराज आहे, माझ्या सातवी ब मधला. तेव्हा निबंधात 'क्रांती' चुकीचं लिहायचा, आता माझ्या व्याख्यानाला वेळ लावून देतो. विषय ऐकून हसू नकोस: ग्रीक बोलणाऱ्या लोकांची जुनी मंडळं. वाडीतला संघर्ष नावाचा पोरगा पुण्यात इतिहास शिकतो. त्यानं शिलालेखांची भाषांतरं पाठवली आणि दोन महिने मी त्यांच्यातच बसून आहे. दोन हजार वर्षांपूर्वी त्या शहरांमध्ये शहराचे देव वेगळे, शहराचे मानकरी वेगळे. मग परदेशी खलाशी, कारागीर, बायका आणि काही ठिकाणी गुलामसुद्धा एकत्र येऊन आपापलं खाजगी मंडळ काढायचे. आपला देव, आपली बैठक, आपली नियमावली, आणि ती दगडावर कोरून उभी करायची. दुसऱ्याच्या जागेवर बसलास तर दंड, बैठकीत हाणामारी केलीस तर दंड. देव त्यांचे त्यांना लखलाभ. मला दिसतं ते असं, की ज्याला शहर पंगतीला घेत नाही तो स्वतःची पंगत मांडतो. छप्पन साली आपल्या बापजाद्यांनी दुसरं काय केलं?

हे सगळं तुला का सांगते आहे? बोलायला घरात कोणी नाही, म्हणून. दुपारी बोटीचा भोंगा वाजला की मी घड्याळ बघते. दिघीकडून बोट आली एवढीच दिवसाची बातमी.

वहिनीच्या मयताच्या दिवशी मी महाडला कार्यक्रमात होते, हे तुला माहीत आहे. नसते तर गोष्ट वेगळी झाली असती.

होकार कळव.

जयमाला


रविवार, ११ ऑगस्ट २०२४

प्रज्ञा,

उत्तर आलं नाही. ते येणार नाही असं धरूनच लिहिते आहे. निम्म्या सभांत मी अशीच बोलले, समोर कोण बसलंय ते न बघता.

आज व्याख्यान झालं. सांगायचं होतं एक आणि सांगून बसले भलतंच.

काल रात्रीपर्यंत सगळं ठरलेलं होतं. सकाळी टिपणं शेवटची वाचताना एका कलमाशी अडकले. ते मी आधी चार वेळा वाचलेलं होतं. अथेन्सच्या एका मंडळाचा दगड आहे, मद्याच्या देवाचे भक्त. त्यावर कोरलंय की सदस्य मेला तर मंडळानं त्याला एक हार द्यावा, आणि मयताला जे आले त्यांच्यापुढे मद्याचं एक भांडं ठेवावं. जो मयताला आला नाही त्याला त्यातलं मिळणार नाही. इजिप्तमधल्या एका खेड्यातल्या मंडळाचा कागद आहे. त्यात लिहिलंय, सोबती संकटात दिसला आणि जो मदतीला धावला नाही त्यानं दंड भरावा.

आता आपल्या मंडळाचं कलम अकरा. ते लिहिणारा हात माझा, त्यामुळे पाठ आहे. 'जुन्या देवधर्माकडे वळणाऱ्या घराशी मंडळ आपले संबंध स्थगित करील. अशा घरच्या मंगलकार्यास किंवा अंत्ययात्रेस जाणाऱ्या सदस्याचे सदस्यत्वही स्थगित होईल.' अठ्ठ्याण्णव साली लिहिलं. वाळीत हा शब्द मी मुद्दाम टाळला होता. गावानं आपल्याला वाळीत टाकलं होतं, आपण तो शब्द कसा वापरायचा? म्हणून 'स्थगित'. रात्रभर बसून इतका धुतलेला शब्द शोधला होता मी.

दारूच्या देवाला भजणाऱ्या त्या लोकांनी मयताला न गेलेल्याला शिक्षा ठेवली. मी गेलेल्याला ठेवली.

दोन्ही कलमं मी विहारात एकापाठोपाठ एक वाचली आणि म्हटलं, आपल्या कलमातलं दुसरं वाक्य काढून टाकावं. कोण अनुमोदन देतं? एकही हात वर आला नाही. माझ्या भाषणानंतर टाळ्या पडल्या नाहीत असं या विहारात पहिल्यांदा झालं.

बाहेर पायऱ्यांवर स्वराजनं गाठलं.

"बाई, विषय ग्रीक होता."

"होताच की."

"मग त्यात कलम अकरा कुठून आलं?"

"तोही शिलालेखच आहे रे. दगड निदान झिजतो."

"तसं नाही बाई. तुम्हीच आम्हाला शिकवलं, एक घर सुटलं की अख्खी वाडी परत देवळाच्या दारात. मी घरात भांडलो त्यावरून. आईच्या गळ्यातला ताईत मी हातानं तोडला. आता तुम्ही म्हणताय, दुसरं वाक्य काढा. मग आम्ही काय शिकलो ते सांगा."

मी छत्री उघडली आणि पायऱ्या उतरले. नीट ऐक प्रज्ञा, बावीस प्रतिज्ञांमधला एक शब्दही मी मागे घेत नाही. वहिनीनं केलं ते मला तेव्हा चूक वाटलं आणि आजही चूकच वाटतं. तू चौथ्या इयत्तेपासून... नाही, हे टाळते आहे मी. सरळ लिहिते. दोन हजार चार साली तुला टायफॉइड झाला. तू पंधरा वर्षांची. लग्नानंतर तेवीस वर्षांनी झालेली एकुलती एक पोर. डॉक्टर मी आणला, औषध मी आणलं. वहिनीनं मला न सांगता खाडीच्या तोंडावरच्या देवीला नवस बोलला, आणि तू उठून बसल्यावर गुपचूप ओटी भरून आली. कुणीतरी बघितलं. सभा भरली. ती माझी वहिनी होती म्हणून मलाच बोलणं भाग आहे असं मी ठरवलं. चाळीस मिनिटं बोलले. मी नऊ वर्षांची असताना ती आमच्या घरात आली, खाडीत कंबरभर पाण्यात खडकावरची कालवं फोडून, विकून तिनं मला डी.एड. केलं. त्या बाईला समोर बसवून मी अंधश्रद्धेवर बोलले. ठराव एकमतानं झाला.

सभा उठल्यावर ती माझ्यापाशी आली. तुला हे माहीत नाही, तू घरी झोपून होतीस. म्हणाली, "बोललीस चांगलं. कालवांचं सुकं केलंय, येतेस ना जेवायला?"

मी म्हटलं, "वहिनी, आता येता येणार नाही."

तिला ते समजलंच नाही. म्हणाली, "का गो? बरं न्हाय वाटत?"

जयमाला


रविवार, २५ ऑगस्ट २०२४

प्रज्ञा,

भागोजी गेला. गुरुवारी पहाटे, दम्यानं. रखमानं तुला कळवलं असेलच, तरी लिहिते, कारण तुझ्यावर त्याचा हक्क होता आणि त्याच्यावर तुझा.

दादा होता तोवर त्याच्याबरोबर बोटीवर कामाला होता तो. वहिनीच्या वेळी मंडळानं तिरडी दिली नाही तेव्हा यानं वाडीत जाऊन बांबू तोडला, बांधला, खांदा दिला आणि त्या संध्याकाळपासून स्वतः 'स्थगित' झाला. अकरा वर्षांत त्यानं एकदाही मंडळाकडे अर्ज केला नाही. माझं कुंपण आणि फाटक मात्र दर पावसाआधी बांधून जायचा. मी पैसे पुढे केले की म्हणायचा, "ठेव गो मास्तरीणबाय, तुझ्या व्याख्यानाचं तिकीट समज."

सकाळी मी छत्री घेऊन गेले. घराघरांच्या दारात माणसं उभी होती, बाहेर कुणी येत नव्हतं. अंगणात त्याचे दोन मुलगे तळोज्याहून आलेले, मुरुडहून त्याचे दोन जुने मुसलमान सोबती, आणि रखमा.

रखमा मला बघून म्हणाली, "तू कशाला आलीस? तुझाच कायदा हाय ना?"

"म्हणूनच आले."

"भाषान करनार?"

"न्हाय."

"मग धर. फुडचा बांबू वला हाय, हात घसरतो."

खांदा मी पहिल्यांदा दिला. अंत्यविधीत बायकांनी खांदा द्यावा यावर मी किती ठिकाणी बोलले असेन! बांबू नक्की कुठं रुततो ते मात्र ठाऊक नव्हतं. गळ्याच्या हाडाच्या वर, मानेच्या खाली, तिथं. पाऊस होता, चिखल होता, आणि धाकट्या मुलाची उंची माझ्यापेक्षा जास्त, त्यामुळे सगळं वजन माझ्या अंगावर उतरत होतं. पन्नास पावलांवर मला उभं राहावं लागलं. वहिनीच्या वेळी तू चोवीस वर्षांची होतीस आणि अख्खी वाट बदलीला कुणी नव्हतं.

संध्याकाळी स्वराज आला. दारातच उभा राहिला. हातात मंडळाचं पत्र. मसुदा माझाच होता, नाव तेवढं नवीन. मी पोच म्हणून सही केली.

"बाई, तुम्ही जायला नको होतं."

"चहा घेतोस?"

तो पायातल्या चपलांकडे बघत राहिला. सदस्यत्व स्थगित झालेल्या घरात चहा चालतो की नाही, हे त्या कलमात मी लिहिलेलं नाही. तो बिचारा तेच आठवत असावा. शेवटी म्हणाला, "पाऊस वाढतोय," आणि गेला.

तीन दिवस झाले. गल्लीत लोक तोंड फिरवत नाहीत, तेवढे सभ्य आहेत. हसतात आणि पुढे जातात. मी दळणाला गेले तर गिरणीत सुरू असलेलं बोलणं थांबलं. वहिनी नऊ वर्षं अशी जगली. मी तिच्यापासून दोनशे पावलांवर राहत होते.

जयमाला


रविवार, ८ सप्टेंबर २०२४

प्रज्ञा,

तुझं पत्र मिळालं. पत्र म्हणायचं तर एक ओळ. 'महाडचा कार्यक्रम आदल्या दिवशीच रद्द झाला होता, हे मला तेव्हाही माहीत होतं.'

कोणाकडून कळलं ते विचारत नाही.

होय. मी घरी होते.

पावसामुळे कार्यक्रम रद्द झाल्याचा निरोप आदल्या संध्याकाळी आला. त्याच रात्री वहिनी गेली. सकाळी मी पिशवी भरली, साडी नेसले, एसटी गाठायला निघाल्यासारखं करून बाहेरच्या दाराला कुलूप लावलं आणि मागच्या दारानं आत आले. हे मी केलं, प्रज्ञा. सत्तावन्न वर्षांच्या बाईनं, शाळेच्या मुख्याध्यापिकेनं केलं. खिडक्या लावल्या आणि पलंगावर बसले.

तुम्ही माझ्या फाटकासमोर थांबलात. स्मशानाची वाट तिथूनच जाते. भागोजी खोकला. मग तुझा आवाज आला, "थांबा जरा, खांदा बदलते." नंतर बराच वेळ काही ऐकू आलं नाही. तुम्ही गेलात की उभे आहात ते कळेना, म्हणून मी श्वास रोखून धरला. मी आत आहे हे तुला कळू नये, एवढीच माझी त्या वेळची इच्छा होती. वहिनीची आठवणसुद्धा त्या क्षणी मला आली नाही.

तू कारण विचारलेलं नाहीस, तरी सांगते. अकरा वर्षं मी स्वतःला सांगत आले की तत्त्वाचा प्रश्न होता. एकाला सूट दिली की नियम संपतो, स्वतःच्या घराला सूट दिली की चळवळ संपते. यावर मी तासभर बोलू शकते आणि ऐकणाऱ्याला पटेलही. पण पलंगावर बसले होते तेव्हा माझ्या डोक्यात चळवळ नव्हती. पुढच्या रविवारी म्हसळ्याला माझी सभा होती. तुमच्याबरोबर चालत गेले असते तर मंडळानं मला व्यासपीठावरून उतरवलं असतं. मला ते नको होतं. बस, एवढंच होतं. मला बोलायला मिळणार नाही याची भीती वाटली.

ती सभा झाली. मी बोलले. विषय होता करुणा.

माफी मागायची कशी ते मला येत नाही. मागायला गेले की त्याचं भाषण होतं. म्हणून मागत नाही. जलदानाचं मी पुन्हा विचारणार नव्हते. पण भागोजीचं रखमाच्या अंगणात झालं, दिघीच्या बाजूच्या मंडळाचे बौद्धाचार्य विनेश कांबळे बोटीनं येऊन विधी करून गेले. त्यांना मी वहिनीबद्दल सांगितलं. ते म्हणाले, "वर्षं मोजू नका. मुलीला विचारा." म्हणून एकदाच विचारते. नाही म्हणालीस तर तेही बरोबर असेल.

जयमाला


रविवार, २९ सप्टेंबर २०२४

प्रज्ञा,

तुझी अट वाचली. वीस ऑक्टोबरला तू येणार, रखमाच्या अंगणात विधी होणार, आणि मी एक शब्दही बोलायचा नाही. श्रद्धांजलीला नाही, प्रास्ताविकाला नाही, आभाराला नाही.

मान्य.

एक कबूल करते. त्या मद्यवाल्या देवाच्या मंडळाच्या दगडावर असंही एक कलम आहे की पुजाऱ्याची परवानगी नसताना कुणी भाषण केलं तर त्याला दंड. व्याख्यानातून मी ते गाळलं होतं. ते वाचून मला त्या लोकांचा राग आला होता. त्यांच्यातही माझ्यासारखी एखादी असणार, आणि इतरांनी वैतागून हे कलम घातलं असणार. हे तुला लिहिताना आज पहिल्यांदा हसू आलं.

फिकट गुलाबी साडी रखमानं जपून ठेवली आहे, वहिनीची. फोटो तुझ्याकडचा आण. माझ्याकडे आहे त्यात ती माझ्या सत्काराच्या मांडवात मागे कुठेतरी उभी आहे, निम्मी खांबाआड.

जयमाला


सोमवार, २१ ऑक्टोबर २०२४

प्रज्ञा,

काल तू पाचच्या एसटीनं गेलीस. थांब म्हणायची माझी हिंमत झाली नाही. पोचलीस असं रखमाकडून कळलं.

तुझी अट या पत्रालाही लागू आहे असं मी धरते. त्यामुळे काल मी काय बोलले असते ते इथं लिहिणार नाही. रात्री ते सगळं पाठ आलं होतं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. मी ते जाऊ दिलं.

जे घडलं तेवढंच लिहिते, कारण तुझी पाठ होती आणि काही तुला दिसलं नसेल.

माणसं मोजून सतरा होती. विहारातून कुणी आलं नाही. पण सकाळी एक टेम्पो येऊन मंडळाच्या चार सतरंज्या रखमाच्या पडवीत टाकून गेला. चिठ्ठी नाही, निरोप नाही. दुपारी स्वराज रस्त्यानं मोटरसायकलवरून दोनदा गेला. दुसऱ्यांदा फाटकाशी गाडी बंद केली, वंदना संपेपर्यंत तिथंच बसून होता, हेल्मेट न काढता. मग गेला.

रखमा बोलली. आयुष्यात ती पहिल्यांदा चारचौघांत उभी राहिली असेल. "रंगू कालवा फोडताना गानी म्हनायची, आनि कोनी आयकलं की गप व्हायची," एवढं म्हणाली आणि बसली. तिच्यानंतर सगळे माझ्याकडे वळले. सवयच आहे त्यांना. मी मान खाली घातली. कुणीतरी मागून कुजबुजलं, "बाई आज बोलत न्हायत?" दुसरी म्हणाली, "गप. बोलतील."  बोलायला माझी जीभ टाळूला लागत होती. विनेशनी सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि पाण्याचं भांडं तुझ्या हातात दिलं.

तुझ्या केसांत पांढरे आलेत. मानेवर उजवीकडे, गळ्याच्या हाडापाशी, एक जुना डाग आहे. मी इतक्या जवळ बसले होते.

तू ताटात पाणी सोडायला लागलीस. विनेश म्हणाले, "घरच्यांनी हात लावा." घरचं म्हणून तिथं दुसरं कोणी नव्हतं. रखमा डोळ्यांनी मला खुणावत होती. मी हलले नाही. अट बोलण्याची होती, पण तिच्यात हेही येतं का, ते मला ठरवता येईना. आयुष्यभर नियम लिहिले, एकाचा अर्थ लागेना.

तू मागे वळली नाहीस. भांडं दोन्ही हातांत होतं, धार चालू होती. तुझं उजवं कोपर वीतभर मागे आलं. हात अवघडला असेल म्हणून आलं असेल. त्याचं उत्तर तू देऊ नकोस.

मी त्या कोपराला दोन बोटं टेकवली. ताट भरून पाणी सतरंजीवर वाहायला लागलं तरी तू कोपर पुढे घेतलं नाहीस.

जयमाला